त्या हिवाळ्यात चर्च उघडं होतं

बहारीनची राजधानी मनामा, तिथलं आमचं चर्च बाहेरून पाहिलं तर चर्च आहे हे पटकन लक्षात येत नाही. बसकी पांढरी इमारत, सपाट गच्ची, भिंतीतून बाहेर आलेले एसीचे डबे आणि फाटकाजवळ कण्हेरीची झाडं. क्रूस आहे, पण आतल्या अंगणाच्या बाजूला. पहिल्यांदा येणाऱ्याला पत्ता सांगताना आम्ही अजूनही "बेकरीच्या गल्लीत शेवटचं फाटक" असंच सांगतो. मंडळी अँग्लिकन, म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालची, आणि मूळची इंग्रजांनी सुरू केलेली. आता त्यात इंग्रज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरलेत. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी सकाळी इंग्रजी उपासना होते, ती आटोपली की तमिळ, मग उर्दू, संध्याकाळी फिलिपिनो लोकांची. एका मंडळीचे चहाचे कप विसळून होईपर्यंत दुसऱ्या मंडळीची गीतं सुरू झालेली असतात.

मी नगर जिल्ह्यातली. आमच्या गावच्या दगडी चर्चला म्हातारी माणसं देऊळच म्हणत, आणि तिथे ढोलकी, पेटी, टाळ यांच्याशिवाय उपासना झाली असं कुणाला वाटतच नसे. नवऱ्याची नोकरी इथे लागली म्हणून मी बहारीनला आले, मलाही एका ऑफिसात अकाउंट्सचं काम मिळालं, आणि पहिल्याच शुक्रवारी आम्ही या चर्चमध्ये गेलो. सगळं इतकं शिस्तीत आणि हळू आवाजात चाललं होतं की मला दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. मग एक गीत सुरू झालं. चाल माझ्या ओळखीची, गावी शंभरदा म्हटलेली, पण शब्द इंग्रजी. मी पुस्तकात ओळ शोधत होते तेवढ्यात मागच्या बाकावरून एका बाईचा खणखणीत आवाज आला. त्याच चालीवर ती सरळ मराठीत गात होती. जराही आवाज न चोरता.

मी वळून पाहिलं. पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी, पांढऱ्या साडीवर निळं स्वेटर घातलेली बाई. उपासना संपल्यावर तिने मला दारातच गाठलं.

"सलाम! नगरची का गं तू?"

"सलाम. हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"तू वळून हसलीस. बाकीचे वळून बघतात ते वैतागून बघतात."

आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतो ते इथे मोठं सोयीचं पडतं. फाटकावरचा वॉचमन दर शुक्रवारी त्याला "वालेकुम सलाम" असं उत्तर देतो आणि कोणालाच काही वेगळं वाटत नाही.

त्या दिवसापासून त्या माझ्या आत्या झाल्या. आत्या नर्स होत्या. नर्सिंगचा कोर्स संपवून काही वर्षं मिशनच्या दवाखान्यात काढली आणि मग ऐन तारुण्यात त्या इथे आल्या. लग्न केलं नाही. धाकट्या भावंडांची शिक्षणं, लग्नं, सगळं इथून पार पाडलं. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या, नंतर एका खाजगी क्लिनिकमध्ये. उम्म अल हस्समला एका मल्याळी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर त्यांचा छोटा फ्लॅट होता. चर्चच्या कुठल्याही कमिटीवर त्या कधी नव्हत्या. पण गुरुवारी ड्यूटी संपली की येऊन वेदीवरचे पितळी शमादान घासायच्या, पाण्याचा कूलर भरला आहे की नाही बघायच्या आणि कोणी नवीन कामगार बाकावर अवघडून बसलेला दिसला की त्याच्या शेजारी जाऊन बसायच्या. त्याची भाषा येवो न येवो, त्या बोलायच्या मराठीतच, आणि उपासना संपेपर्यंत तो हसायला लागलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी आत्यांनी सांगितलं की आता बस झालं. क्लिनिकमधून त्या निवृत्त होणार होत्या, व्हिसा संपणार होता, आणि ऊन वाढायच्या आत त्या कायमच्या गावी जाणार होत्या. नेमक्या त्याच सुमाराला चर्चचा मोठा वर्धापनदिन आला. आमचे पाळकसाहेब केरळचे, सगळ्यांचे 'फादर'. त्यांच्या मनात आलं की या निमित्ताने चर्चचा इतिहास नव्याने लिहून काढावा. काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

"मला कुठे इतिहास येतो फादर?" मी म्हटलं.

"तुम्ही अकाउंटंट आहात," ते म्हणाले. "कुठे काही जुळत नसेल तर तुम्हाला झोप येणार नाही. मला तशाच माणसाची गरज आहे."

सुरुवात म्हणून त्यांनी मला मागच्या वर्धापनदिनाची जुनी पुस्तिका दिली. ती आमच्या मंडळीतल्या एका वृद्ध इंग्रज गृहस्थांनी लिहिली होती. हे इंजिनियर म्हणून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. मुलं विलायतेत, पत्नी वारलेली, पण हे काठी टेकत दर शुक्रवारी येतात. त्यांनी लिहिलेलं सगळं नेटकं होतं. बेटावर नुकतं तेल सापडलं त्या दिवसांत एका बंगल्याच्या व्हरांड्यात पहिली प्रार्थना कशी झाली, राज्यकर्त्यांनी जागा कशी दिली, समुद्रातल्या दगडाची पहिली जाड भिंतींची खोली कशी उभी राहिली. ती खोली अजून आहे. वेदीच्या मागे, पाळकांचे झगे ठेवायची खोली म्हणून ती वापरतात. मग एकामागून एक आलेले पाळक, प्रत्येकाने काय केलं, कोणाच्या वेळी हॉल झाला, कोणाच्या वेळी एसी आले.

मला ती पुस्तिका आवडली. एवढ्याशा बेटावर, परक्या मुलुखात, आज आले उद्या गेले अशा माणसांच्या बळावर एक मंडळी इतकी वर्षं टिकते, ही काही साधी गोष्ट नाही. गावच्या चर्चला निदान पिढ्यान्पिढ्याची घरं तरी असतात. इथे दर चार-पाच वर्षांनी सगळे चेहरे बदलतात.

एका शनिवारी सकाळी मी पुस्तिका घेऊन आत्यांकडे गेले. फ्लॅटमध्ये सगळीकडे खोकी मांडलेली. आत्या जमिनीवर पेपर पसरून भेंडी चिरत होत्या. मी वाचून दाखवत होते, त्या मधूनमधून "बरोबर" म्हणत होत्या. एका पाळकांबद्दल "लई गरीब माणूस, पण आवाज म्हणजे निव्वळ नगारा" अशी भर घातली. मग मी कुवेतच्या लढाईच्या पानावर आले. पुस्तिकेत एकच वाक्य होतं. त्या हिवाळ्यात पाळक परदेशात अडकल्यामुळे चर्च बंद राहिलं आणि लढाई संपल्यावर उपासना पुन्हा सुरू झाली.

विळीवरचा हात थांबला.

"बंद? कोण म्हणतं बंद होतं?"

"इथे लिहिलंय, आत्या."

"काहीतरीच. एकही शुक्रवार बंद नव्हतं."

"पण पाळक नव्हते ना?"

"पाळक नव्हते. चर्च होतं की." आणि त्या पुन्हा भेंडी चिरायला लागल्या, जणू विषय संपला.

मी काही विषय संपू दिला नाही. पुस्तिका मिटली, त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं ते असं.

त्या वेळचे पाळक इंग्रज होते. लढाई सुरू व्हायच्या आधी ते ऑपरेशनसाठी मायदेशी गेले आणि विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच राहिले. बरीचशी गोरी कुटुंबं निघून गेली होती. हॉस्पिटलात सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या, नर्सेसना गॅसचे मास्क वाटले. आत्यांच्या बरोबरच्या काहीजणी गावी पळाल्या. आत्यांच्या आईनेही ये म्हणून निरोप पाठवला होता. "पण वॉर्ड भरलेला. आजारी माणसाला लढाई आहे म्हणून घरी जा असं सांगता येतं का?"

पहिल्या शुक्रवारी ड्यूटी संपवून त्या सवयीने चर्चकडे आल्या. फाटक बंद होतं. फाटकासमोर रत्नागिरीकडच्या एका कोकणी मुसलमानाचं दुकान होतं, नळाच्या तोट्यांपासून बिस्किटांपर्यंत सगळं मिळणारं. चर्चची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असायची, कारण वीजवाला, पाणीवाला कधीही यायचा. आत्यांनी ती किल्ली मागितली. दार उघडून आत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने एक तमिळ इलेक्ट्रिशियन आला. मग हॉस्पिटलात साफसफाई करणारा एक पंजाबी ख्रिस्ती, मग दोन फिलिपिनो मोलकरणी, ज्यांचे मालक त्यांना इथेच ठेवून निघून गेले होते. सगळे बसून राहिले आणि थोड्या वेळाने एकेक करून आत्यांकडे बघायला लागले.

"माझ्याकडेच का कोण जाणे," आत्या म्हणाल्या. "बहुतेक मी नर्सच्या कपड्यात होते म्हणून."

"मग?"

"मग काय. उठले, प्रार्थनेचं पुस्तक घेतलं आणि वाचायला लागले. माझं इंग्रजी तेव्हा कसं होतं माहिती आहे ना? औषधांची नावं सोडली तर बाकी सगळं ठेचकाळत. पण त्यांचंही तसंच. कोणी हसलं नाही. वेदीच्या पायऱ्या मात्र चढले नाही हं. प्रभुभोजन हे पाळकाचं काम. मी खाली उभं राहून सकाळची प्रार्थना वाचली, संध्याकाळ झाली होती तरी. तीच एक मला अर्धी पाठ होती."

त्यानंतर दर शुक्रवारी. कधी पाच माणसं, कधी दहा. प्रत्येकाने आपापल्या भाषेत प्रार्थना करायची असं ठरलं. आत्या गीतं मराठीत म्हणायला लागल्या त्या तेव्हापासून, कारण पेटी वाजवणारं कोणी नव्हतं आणि चाल धरून ठेवायला एक मोठा आवाज लागत होता.

"आणि हल्ल्याचे भोंगे वाजायचे ते?"

"वाजले की. एकदा तर आम्ही आत असतानाच वाजले." आत्यांनी भेंडीचं ताट बाजूला सारलं. "पण ते तू माझ्याकडून नको ऐकू. मला वाटेल मी आपलीच टिमकी वाजवतेय. दुकानवाल्या भाईंना विचार. ते अजून आहेत. अरादला मुलाकडे असतात. चल, मलाही निघायच्या आधी त्यांना भेटायचंच आहे."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी माझ्या गाडीने पूल ओलांडून पलीकडच्या बेटावर अरादला गेलो. आत्यांच्या या भाईंना मी चाचा म्हणते. चाचांचं दुकान केव्हाच दुसऱ्याला दिलेलं, मुलाने आता सलमाबादला प्लंबिंगच्या सामानाचं गोडाऊन काढलंय. चाचा गुडघ्यांनी अधू झालेत, पण आत्यांना दारात बघितल्यावर ते खुर्चीतून उठायला लागले.

"ये गो सिस्टरबाय! बस. ही कोण, लेक?"

"लेकच समजा भाई. हिला आपल्या लढाईतलं चर्च ऐकायचंय."

सून चहा घेऊन आली, मुलगा बाजूला येऊन बसला. चाचा गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघत सांगायला लागले.

"काय सांगू तुला बाय. आमचं घर दुकानाच्या वरती, पत्र्याचं. माझी बायको, तीन पोरं. हा त्यात सगळ्यात धाकला." त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. मुलाच्या दाढीत आता पांढरे केस आहेत. "सरकार सांगायचं, गॅस आत यायला नको, एक खोली बंद करा, खिडक्यांना पट्टी मारा. माझ्या घराला सगळ्या फटीच. पट्टी मारू कुठं? त्या दिवशी दुपारनंतरची, अस्रची नमाज झाली, ही सिस्टर किल्ली घेऊन गेली, आणि थोड्या वेळानं भोंगा सुरू झाला. पोरं रडाय लागली. मी दाराशी आलो तर ही समोरच्या फाटकात उभी. हात करतेय. म्हणते, भाई, पोरांना घेऊन इकडं या, इथल्या भिंती जाड आहेत!"

"मग तुम्ही गेलात?"

"गेलो म्हणजे? धावलो! तिनं सगळ्यांना त्या मागच्या दगडी खोलीत बसवलं. काचा नाहीत तिथं. ते मद्रासी, फिलिपिनो, आमी, सगळे मांडीला मांडी लावून. हिनं पोरांच्या तोंडावर ओले टॉवेल धरले. मग मला विचारते, भाई, आमची प्रार्थना अर्धी राहिलीय, पुरी केली तर तुम्हाला चालेल ना?"

आत्या मध्येच म्हणाल्या, "विचारायला नको का? त्यांची अडचण व्हायला नको."

"मी म्हणालो, बाय, या घटकेला तू तुझं वाच, मी माझं वाचतो. ऐकणारा वर एकच हाय." चाचा हसले. "तिनं वाचलं, मी वाचलं. भोंगा बंद झाला. पोरं झोपली व्हती. माझी बायको म्हणाली, आता पुढच्या शुक्रवारी आधीच येऊन बसू या."

आणि खरंच पुढचे कित्येक शुक्रवार चाचांचं कुटुंब प्रार्थनेच्या वेळी त्या मागच्या खोलीत येऊन बसत होतं. चाची पोरांसाठी म्हणून डब्यात घावणे आणायच्या आणि ते सगळ्या मंडळीला पुरायचे. परत येताना पुलावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या म्हणाल्या, "समोर बघून चालव."

आता प्रश्न त्या वृद्ध गृहस्थांचा होता. पुस्तिका त्यांची. ते शांत, सभ्य, पण आपल्या लिहिण्याबद्दल फार काटेकोर. शुक्रवारी उपासनेनंतर मी पाळकसाहेबांसमोर विषय काढला. गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, "हे कसं शक्य आहे? पाळकांशिवाय उपासना? तसं असतं तर मला माहीत नसतं का?" आवाजात राग नव्हता, फक्त खात्री होती.

पाळकसाहेबांनी पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना हॉलमध्ये चहाला बोलावलं. मुलाच्या हाताला धरून चाचाही आले. आत्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. "एका ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला," म्हणत त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या.

चाचांनी गृहस्थांकडे निरखून पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, "साहेब, तुम्ही माझ्याकडून चिकटपट्टी नेली होती. खिडक्यांना लावायला. दुकानातली सगळी नेलीत, बाकीच्यांना उरली नाही."

गृहस्थ चमकले. मग हसले. "हो. नेली होती. आणि तरी माझी बायको घाबरली, म्हणून तिला आणि मुलांना घेऊन मी गेलो." मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. "मी इथे नव्हतो. परत आलो तेव्हा सगळं संपलं होतं. पाळक नव्हते, एवढं मला माहीत होतं. म्हणजे चर्च बंदच असणार, असं मी धरून चाललो."

चाचांनी मला सांगितलं तेच पुन्हा हिंदीत सांगितलं, पाळकसाहेबांनी इंग्रजीत करून दिलं.  सगळं ऐकून झाल्यावर गृहस्थ काठी टेकत उठले आणि आत्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

"मी परत आलो त्या पहिल्या शुक्रवारी," ते म्हणाले, "चर्च स्वच्छ होतं. बाकांवर धूळ नव्हती. वेदीवरचं कापड धुतलेलं आणि इस्त्री केलेलं होतं. ते कोणी धुतलं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मला माफ करा."

मला वाटलं आता आत्या रडणार. पण त्या घाईघाईने उठल्या, त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "त्यांना सांग, कापड मी नाही धुतलं. माझी तेव्हा डबल ड्यूटी असायची. कापड भाईंच्या बायकोने धुतलं."

चाचांनी मान हलवली. चाची आता नाहीत. जाऊन तीन-चार वर्षं झाली. ते हळू आवाजात म्हणाले, "व्हय. घरी घेऊन गेली व्हती. मला बोलली, हे देवाच्या घरचं कापड हाय, पोरांच्या कपड्यांत नाय भिजवायचं. वेगळी बादली आणली तिनं."

मी ते सगळं, वेगळ्या बादलीसकट, इंग्रजीत सांगितलं. 

मग इतिहासातलं ते पान नव्याने लिहायचं ठरलं. आत्या मात्र अडून बसल्या. नाव घालायचं नाही.

"अहो पण आत्या, इतक्या पाळकांची नावं आहेत."

"त्यांचं ते कामच होतं. माझं घातलंस तर त्या इलेक्ट्रिशियनचं घालावं लागेल, पंजाब्याचं, त्या पोरींचं. त्यांची पूर्ण नावं कोणाला आठवतात? मग मला एकटीला कशाला मिरवतेस?"

शेवटी मी लिहिलं ते असं की त्या हिवाळ्यात पाळक नसताना एका नर्सने आणि मूठभर कामगारांनी दर शुक्रवारी प्रार्थना चालू ठेवली, आणि गल्लीतल्या एका मुसलमान कुटुंबाने चर्चची काळजी घेतली व प्रसंगी चर्चने त्यांची. पाळकसाहेबांनी वाचून एकच बदल केला. 'मूठभर' काढून टाकला. म्हणाले, "दोघे-तिघे जमले तरी मंडळीच असते."

वर्धापनदिनाला बिशप आले. चर्च गच्च भरलं, तमिळ, उर्दू, फिलिपिनो सगळे एकत्र, अंगणात खुर्च्या मांडाव्या लागल्या. चाचा मुलासुनेसह शेवटच्या बाकावर बसले होते. वृद्ध गृहस्थ सगळा इतिहास वाचून दाखवणार होते, पण त्यांनी फक्त ते एक पान वाचलं आणि बाकीचं पुस्तिकेत आहे म्हणून सांगितलं. मग बिशपांनी आत्यांना स्तोत्र वाचायला बोलावलं. आत्यांनी ते मराठीत वाचलं. अर्थ फार थोड्यांना कळला असेल. पण मंडळीचं उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा तमिळांनी तमिळमध्ये दिलं, उर्दूवाल्यांनी उर्दूत, आणि त्या कल्लोळात शब्द जरी कोणाचे जुळले नाहीत तरी सगळे एकाच वेळी थांबले.

माझी मुलगी इंग्रजी शाळेत शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. जेवणाच्या वेळी तिने आत्यांना विचारलं, "व्हाय डिडन्ट यू टेल एनीवन?"

"कोणी विचारलंच नाही गं," आत्या म्हणाल्या. "आणि सांगायचं काय त्यात? रोज पेशंटचा ताप बघितला, हे कोणी सांगत फिरतं का?"

मुलीने यावर विचार केला आणि अचानक मराठीत म्हणाली, "पण भीती वाटली असेल ना?"

आत्यांनी तिला जवळ ओढलं. "वाटली की. फार वाटली. घरी एकटी बसले असते तर आणखी वाटली असती. म्हणून तर जात होते."

इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी भीतीचं नाव काढलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्या अधिकच मोठ्या वाटल्या. त्या शूर होत्या म्हणून चर्च उघडं राहिलं असं मी समजत होते. खरं म्हणजे त्या आणि ते सगळेच घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसांना एकत्र बसायला एक जागा लागत होती. चर्च म्हणजे आणखी काय असतं, हे मला आजतागायत कोणी याहून सोपं करून सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये आत्या गावी गेल्या. शेवटच्या शुक्रवारी हॉलमध्ये जेवण होतं. चाचांच्या सुनेने घावण्यांची चळत आणि कोंबडीचा रस्सा पाठवला होता, तमिळ बायकांनी सांबार, आम्ही नगरकरांनी शिपी आमटी. वृद्ध गृहस्थांनी आत्यांना आपल्या हाताने वाढलं. आत्या म्हणाल्या की आमटीत हिंग कमी पडलाय, पण दोनदा मागून घेतलं.

त्यानंतर आम्ही महिन्यातून एका शुक्रवारी मराठी उपासना सुरू केली. मागच्या दगडी खोलीतच. नगर, जालना, सोलापूरकडची घरं येतात. एक ढोलकी मिळाली, पेटीवाला अजून शोधतोय. पोरं मराठी गीतं इंग्रजी अक्षरांत लिहून घेऊन म्हणतात आणि 'ळ' आला की अडखळतात. पाळकसाहेब कधी येऊन मागे बसतात आणि चालीवर मान डोलवतात. ज्या शुक्रवारी त्यांना वेळ नसतो, त्या दिवशी आमच्यातलंच कोणीतरी पुस्तक घेऊन उभं राहतं. आता त्यात कोणाला काही अवघड वाटत नाही.

परवा आत्यांना फोन केला तर मागे बायकांचा गलबला ऐकू येत होता. गावच्या चर्चच्या ओट्यावर त्यांनी बाजाराच्या दिवशी बायकांचं बीपी तपासायला सुरुवात केलीय. चर्चच्या पंचांनी आधी कुरकुर केली, परवानगी घ्या म्हणाले. आत्यांनी पहिल्यांदा पंचांचंच बीपी तपासलं.

"किती निघालं?" मी विचारलं.

"विचारू नकोस. मीठ बंद केलंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "बरं, ठेवते आता. रांग लागलीय."